सुकाणूवर कोणाचा हात?

देहूरोडला लष्कराचा डेपो आहे, आयुध निर्माणी आहे, जुना मुंबई-पुणे रस्ता आहे. समुद्र मात्र घाट उतरल्याशिवाय दिसत नाही. इथे राहणाऱ्या माणसाने शिडाच्या होडीवरील यंत्रांचा इतिहास शोधत बसावे, याचे कारण माझ्या नोकरीत आहे. चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात मोटारींच्या वायरिंगची तपासणी करण्यात माझी बरीच वर्षे गेली. आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक, दिवे, डॅशबोर्ड हे सारे एकमेकांत पिळलेल्या दोन तारांवरून बोलतात. त्या भाषेला ‘कॅन’ म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगापुढे मांडली. पुढे एका होडीच्या यंत्रांचे माहितीपुस्तक हाती आले आणि त्यात त्याच दोन तारा भेटल्या. होडीवरचे होकायंत्र, वाऱ्याचा मापक, जीपीएस आणि ऑटोपायलट ज्या ‘एनएमईए २०००’ पद्धतीने जोडतात, ती याच कॅनवर उभी आहे. रोजच्या ओळखीची वस्तू इतक्या अनोळखी ठिकाणी दिसली, म्हणून वाचत गेलो.

वाचता वाचता एक प्रश्न पुढे आला. एकट्या माणसाने शिडाची होडी जगाभोवती न्यायची, तर तो झोपल्यावर सुकाणू कोण धरणार? ‘सुकाणू’ हा शब्द आपण अरबी ‘सुक्कान’वरून घेतला आणि ‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’वरून. शब्द बाहेरून आले तरी रीत सगळीकडे सारखीच. एक थकला की दुसरा सुकाणूवर बसतो. भारतीय लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरची ‘तृष्णा’ १९८५ मध्ये इंग्लंडहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून जानेवारी १९८७ मध्ये मुंबईला आली. शिडाच्या होडीतून झालेली ही भारतीयांची पहिली प्रदक्षिणा. (या कोअरचे कॉलेज आमच्याच पट्ट्यात, दापोडीला आहे.) तृष्णेवर पथक होते, पाळ्या लावता येत होत्या. एकट्याला पाळी लावता येत नाही. त्याला झोपेसाठी एक हात उसना घ्यावा लागतो, आणि तो कोणाचा घ्यायचा ही निवड करावी लागते.

वाऱ्याचा हात

पहिला उसना हात वाऱ्याचा. १९६० मध्ये अटलांटिक एकट्याने ओलांडण्याची पहिली शर्यत झाली. तिच्यात ब्लाँडी हॅस्लर आणि फ्रान्सिस चिचेस्टर यांच्या होड्यांवर वाऱ्यावर चालणारी सुकाणू-यंत्रे होती. या यंत्राला विंडव्हेन म्हणतात. होडीच्या मागच्या टोकाला एक पातळ फळी वाऱ्याच्या दिशेत लावून ठेवायची. होडी वळली की वारा फळीला आडवा लागतो आणि ती कलंडते. पुढे हॅस्लरने रूढ केलेल्या रचनेत ही कलंडणारी फळी पाण्यातले एक वल्ह्यासारखे पाते फिरवते, पाण्याचा जोर त्या पात्याला बाजूला ढकलतो आणि पात्याला बांधलेल्या दोऱ्या सुकाणू ओढतात. वीज लागत नाही. वारा वाढला की यंत्राचे बळही वाढते. उणीव एकच, ते वाऱ्याशी इमान राखते, नकाशाशी नाही. रात्रीत वारा फिरला तर होडीही निमूट फिरते.

या यंत्राची खरी परीक्षा मुंबईत बांधलेल्या एका होडीवर झाली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा इंग्रज अधिकारी. त्याने १९६० च्या दशकात मुंबईच्या सुतारांकडून सागवानाची ३२ फुटी ‘सुहेली’ बांधून घेतली. जून १९६८ मध्ये तो फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता परतला. एकट्याने न थांबता प्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते, पुरी करणारा तो एकटाच. त्याचे स्वयंचलित सुकाणू ऑस्ट्रेलियाच्या आसपास कायमचे मोडले, रेडिओचा प्रक्षेपक त्याआधीच गेला होता. पुढचे हजारो मैल त्याने शिडे अशी तोलून लावली की सुहेली बरीचशी आपली आपणच सरळ चालत राहिली. यंत्र गेल्यावर होडीची घडण आणि माणसाचे हात उरले होते, आणि ते पुरले.

विजेचा हात

दुसरा उसना हात विजेचा. ऑटोपायलटचे तत्त्व साधे आहे. चुंबकीय संवेदक होडीची दिशा मोजतो. ठरवलेली दिशा आणि खरी दिशा यांतला फरक एक छोटा संगणक काढतो. मोटर किंवा दट्ट्या तेवढे सुकाणू वळवतो. अवघड भाग आहे लाटेचा. मागून आलेली लाट होडीला आडवी ढकलते तेव्हा ती वळून गेल्यावर सुधारणे म्हणजे उशीर. म्हणून नव्या यंत्रांत वळण्याचा वेग मोजणारा संवेदक असतो. होडी वळू लागताच तो सांगतो, आणि सुकाणू आधीच हलते.

या हाताची मजुरी अँपिअरमध्ये द्यावी लागते. समजा, १२ व्होल्टवर ऑटोपायलट सरासरी ५ अँपिअर घेतो. चोवीस तासांत १२० अँपिअर-तास झाले. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे एका दिवसाच्या सुकाण्यासाठीच २४० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. त्यावर रडार, चार्टप्लॉटर, दिवे आणि उपग्रह फोन. ही वीज डिझेलच्या जनित्राने, सौर पट्ट्यांनी किंवा पाण्यात ओढल्या जाणाऱ्या छोट्या जनित्राने रोज भरून काढायची. मोठा पडदा घेणाऱ्याने आधी हा हिशेब मांडावा, कारण होडीवरचा प्रत्येक नवा दिवा ऑटोपायलटच्या ताटातला घास घेतो.

दिवाडीची होडी

आपल्याकडे या निवडीचा इतिहास गोव्यात घडला. निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी नौदलापुढे कल्पना मांडली की एका भारतीयाने, भारतात बांधलेल्या होडीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. आवटी तेव्हा फलटणजवळच्या विंचुर्णीला राहत. म्हणजे हे स्वप्नही समुद्रापासून दूर, दुष्काळी माणदेशाच्या कडेला वाढले. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अॅक्वेरियस यार्डात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले, चार बंदरांना थांबले आणि मे २०१० मध्ये परतले. त्याच होडीतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली.

म्हादेईची धाकटी बहीण ‘तारिणी’ २०१७ मध्ये त्याच यार्डातून आली. तिच्यावर रेमरीनची दिशादर्शक यंत्रणा आणि उपग्रह संपर्काची साधने होती. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. केपटाऊनहून घरी येताना त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुईला ठरवलेले नसताना थांबावे लागले. कारण होते सुकाणूच्या यंत्रणेतला बिघाड. आपण कुठे आहोत हे तारिणीला काही मीटरपर्यंत ठाऊक होते, पण होडी वळवणारे सांधे कोणत्याही पडद्याच्या आत नसतात. ऑटोपायलट बदलण्याआधी तो ज्या सुकाण्याला ढकलणार आहे ते तपासावे, हा धडा कोणत्याही जाहिरातीत छापलेला नसतो.

पडद्यावरचा समुद्र

२ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि सुमारे शंभर मीटरची अचूकता वीस मीटरच्या आत आली. तेव्हापासून होडीवरची चिंता स्थानावरून नकाशाकडे सरकली. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्वो शर्यतीतली ‘टीम वेस्टास विंड’ मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळावर रात्री आदळली. जीपीएस बरोबर होते, इलेक्ट्रॉनिक नकाशातही प्रवाळ होते. पण नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला नव्हता, आणि लहान प्रमाणात तो धोका नीट दिसत नव्हता. कागदी नकाशा एकाच प्रमाणात पसरलेला असतो. पडदा आपण मागू तेवढेच दाखवतो.

जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातल्या सुमारे वीस जहाजांचे जीपीएस सांगू लागले की ती जमिनीवरच्या एका विमानतळाजवळ आहेत. संकेतच खोटे येत होते. अमेरिकेच्या नौदल अकादमीने ताऱ्यांवरून स्थान काढण्याचे शिक्षण बंद केले होते, तेही २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाले होते. या घटना शेजारी ठेवल्या की कपाटातला सेक्स्टंट हौशीची वस्तू वाटेनासा होतो.

थुरियावरचे दोन नियम

२०१८ ची गोल्डन ग्लोब शर्यत १९६८ च्या आठवणीत भरली. नियम असा की त्या काळी नव्हते ते वापरायचे नाही. जीपीएस नाही, विजेचा ऑटोपायलट नाही. विंडव्हेन, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे एवढेच. अभिलाष टॉमी यांच्यासाठी गोव्याच्या त्याच यार्डाने सुहेलीच्या आराखड्यावर ‘थुरिया’ बांधली. पण आयोजकांनी दुसराही नियम केला होता. प्रत्येक होडीचा माग उपग्रहावरून घेतला जाईल, मोहोरबंद पेटीत जीपीएस असेल आणि संकटात संदेश पाठवता येतील. दिशा शोधण्यासाठी यंत्र नाही, जीव वाचवण्यासाठी आहे, अशी ही सीमारेषा होती.

सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, वादळात थुरिया उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. त्यांना उठता येत नव्हते. पडल्या जागेवरून त्यांनी उपग्रहाद्वारे मजकूर धाडला. भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानाने होडी हुडकली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. पहिल्या नियमाने त्यांना तिथवर नेले होते, दुसऱ्याने परत आणले. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर चार वर्षांनी ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. ‘बयानत’वर विंडव्हेन मोडत राहिली, आणि होडीतलेच साहित्य कापून-जोडून ते ती चालवत राहिले. २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनी, ते दुसरे आले.

दोन तारांचे शहाणपण

आता माझ्या धंद्याकडे. १९८३ च्या जुन्या एनएमईए पद्धतीत एक यंत्र बोले आणि बाकीची ऐकत. नव्या पद्धतीत सगळी एकाच कण्यावर बोलतात. त्यामुळे ऑटोपायलट दिशेबरोबर वाराही ऐकतो आणि विंडव्हेनसारखा वाऱ्याशी कोन राखून चालू शकतो. हा मोठा लाभ आहे. पण कणा एक झाला की दुखणेही एक होते. खाऱ्या पाण्याने एक जोड गंजला तर सगळे पडदे एकदम आंधळे होऊ शकतात. या कण्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात. वीज बंद करून मोजले की मीटरवर ६० यायला हवे. १२० आले तर एक टोक तुटले आहे. मोटारीत हीच चाचणी, समुद्रातही हीच. तार मात्र कल्हई केलेल्या तांब्याची हवी, साधे तांबे आवरणाच्या आतून काळे पडत जाते.

या सगळ्या होड्या शेजारी ठेवल्यावर माझे मत असे झाले आहे. यंत्र घेताना ते काय करते हे विक्रेता सांगतोच. ते बंद पडल्यावर आपल्याकडे काय उरते, हे आपण विचारायचे असते. म्हणून ऑटोपायलटचा दिशासंवेदक आणि वीज शक्यतो वेगळी ठेवावी. एक सुटा दट्ट्या, सेलवर चालणारा हातातला जीपीएस आणि कागदी नकाशा जवळ असावा. दर तासाला स्थान पेन्सिलीने वहीत लिहावे, कारण पडदा विझल्यावर शेवटची नोंद हीच सुरुवातीची जागा असते.

आवटींच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी उभी राहिली होती. भूगोलाचे अभ्यासक बी. अरुणाचलम यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दींकडून तारे, वारे आणि खुणा यांचे ज्ञान गोळा करून लिहिलेला ग्रंथ याच संस्थेने प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या माणसाने आधुनिक प्रदक्षिणेचा आग्रह धरला, त्यानेच जुन्या विद्येच्या नोंदीसाठीही घर बांधून ठेवले. कोकणातल्या तांडेलाच्या हातात आज जीपीएस आहे आणि तो असायलाच हवा. पण त्याच्या वडिलांना डोंगराच्या सुळक्यावरून आणि देवळाच्या कळसावरून खडक टाळता येत होता, त्या खुणा अजून सगळ्या कागदावर आलेल्या नाहीत. त्या सांगणारी माणसे आहेत तोवर त्या लिहून घेणे, हेही सुट्या भागांची पेटी भरण्याचेच काम आहे.