ख्रिस्ती शाळा : व्यवस्थापनाचे हक्क आणि शिक्षकाची नोकरी

मुंबई, वसई, पुणे किंवा नगर येथे ‘मिशनची शाळा’ म्हटले की पालकांना प्रवेशाची धावपळ आठवते. या शाळांना कायद्याचा आधार कोणता आणि त्यातून शिक्षकाच्या पदरात काय पडते, हे मात्र अनेकदा तेथील शिक्षकांनाही पुरते ठाऊक नसते.

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. सावित्रीबाई फुले यांनी नगरला ज्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, त्या सिंथिया फरार अमेरिकन मिशनच्या. त्या १८२७ मध्ये मुंबईत आल्या होत्या. वुडच्या १८५४ च्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट खुली केली आणि तिचा लाभ मिशन शाळांनाही झाला. अनुदान आणि स्वायत्तता यांतील ओढाताण तेव्हापासूनची आहे.

राज्यघटनेच्या कलम ३० (१) नुसार अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. अल्पसंख्याक कोण, हे राज्यनिहाय ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा सदस्यीय पीठाने टी. एम. ए. पै खटल्यात २००२ मध्ये स्पष्ट केले. साहजिकच महाराष्ट्रातील ख्रिस्ती संस्थांना जे संरक्षण मिळते, ते नागालँडमध्ये त्याच आधारावर मागता येत नाही. विद्यार्थ्यांच्या बाजूनेही एक मर्यादा आहे. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीविना विद्यार्थ्याला धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही (कलम २८).

खरा पेच शिक्षकांचा आहे. महाराष्ट्रातील खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९७७ च्या कायद्याने अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि कळविलेल्या आणखी कमाल तीन जणांच्या भरतीबाबत सूट दिली. संस्थेचे वैशिष्ट्य टिकावे हा तिचा हेतू. पण वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकाला डावलले जाते तेव्हा हीच तरतूद त्याला बोचते. मात्र स्वायत्तता म्हणजे मनमानी नव्हे. दिल्लीच्या फ्रँक अँथनी शाळेच्या खटल्यात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळेतील शिक्षकांनाही सरकारी शाळांच्या बरोबरीचे वेतन व भत्ते देण्याचा मार्ग मोकळा केला. ‘सेवाभाव’ या शब्दाआड तुटपुंजा पगार दडविणाऱ्या व्यवस्थापनांनी हा निकाल अवश्य वाचावा.

धर्मगुरू व धर्मभगिनी शिक्षकांचा प्रश्न वेगळा. अनुदानित शाळेतील पगार त्या व्रतानुसार आपल्या संघाला देतात. तरीही त्यातून प्राप्तिकराची कपात होणारच, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निश्चित केले.

सध्या लक्ष आहे ते शिक्षक पात्रता परीक्षेकडे, म्हणजेच ‘टीईटी’कडे. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात १ सप्टेंबर २०२५ रोजी द्विसदस्यीय पीठाने या सवलतीविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्याची शिफारस केली. अन्य शाळांत निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांना परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षे देण्यात आली. अल्पसंख्याक शाळांना मोठ्या पीठाच्या निर्णयापर्यंत ही अट नाही. तोवर शहाण्या व्यवस्थापनाने आपल्या शिक्षकांना परीक्षेची तयारी करण्यासाठी रजा आणि मार्गदर्शन द्यायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.