उभी सळई

शोरम्याची गाडी आता महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांनाही नवी राहिलेली नाही. ‘मोगलांनी आणलेला कबाब’ अशी तिची ओळख सर्रास करून दिली जाते. ती चुकीची आहे, आणि चूक नेमकी कुठे आहे हे पाहिलं, की या पदार्थातला धोकाही उमगतो.

सळईवर मांस भाजणं आपल्याकडे मोगलांच्या कितीतरी आधीचं. शूलावर भाजलेलं ते ‘शूल्य’, हा शब्द पाणिनीला ठाऊक होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त भाजलेल्या मांसाचे प्रकार येतात. ‘ऐन-इ-अकबरी’त कबाब आहे, आणि वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून आमच्या बाभुळगावाशेजारचं कळंबही त्याच ग्रंथात आहे! पण या परंपरेतली सळई आडवी, निखाऱ्यांवर धरलेली. शोरम्याची सळई उभी असते.

ती उभी झाली एकोणिसाव्या शतकातल्या उस्मानी तुर्कस्तानात. जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश छायाचित्रकाराने १८५५च्या सुमारास टिपलेलं उभ्या सळईचं चित्र उपलब्ध आहे. बुर्सा शहरातल्या इस्कंदर एफेंदीचं घराणं या शोधाचा मान आपल्याकडे घेतं. इतरही दावेदार आहेत. श्रेय कुणाचंही असो, युक्ती मोठी नामी. आडव्या सळईवरची चरबी निखाऱ्यात पडून जळते, धूर होतो. उभ्या सळईवर तीच चरबी वरून खाली मांसावरच ओघळते. शिवाय सुरी फक्त बाहेरचा शिजलेला थर उतरवते आणि आतला थर धगीसमोर येतो. शिजवणं आणि विकणं एकाच वेळी चालतं.

नावंही या फिरण्यावरूनच पडली. तुर्की ‘दोनेर’ म्हणजे फिरणारा. ग्रीकांच्या ‘गिरोस’चा अर्थही तोच. ‘शवर्मा’ हे तुर्की ‘चेविर्मे’चं अरबी रूप, त्याचाही अर्थ फिरवणं. आपल्या गाड्यांवर ‘दोनेर’ नव्हे, ‘शोरमा’ लिहिलेलं असतं. पदार्थ कोणत्या वाटेने आला हे त्या पाटीवरच वाचावं. १९७३नंतर तेलाच्या पैशाने आखाती देश उभे राहिले, तिथे केरळातून आणि आपल्या कोकणातूनही माणसं कामाला गेली. ती वाट दिल्ली दरबाराची नव्हे, मजुरीची आहे.

वाढण्याच्या तऱ्हा मात्र देशोदेशी बदलल्या. बुर्सात पावाच्या तुकड्यांवर मांस, वर टोमॅटोचा रस, तापलेलं लोणी आणि बाजूला दही. बर्लिनमध्ये तुर्की कामगारांनी १९७०च्या दशकात तेच पावात भरून हातात दिलं. मेक्सिकोत लेबननच्या स्थलांतरितांची सळई डुकराच्या मांसाची झाली, सोबत अननस आला. आपल्याकडे मैद्याची पोळी, चिरलेली कोबी आणि ढीगभर मेयोनीज.

हे मेयोनीज इतकं का लागतं? तुर्की सळई मेंढीच्या चरबीवर पोसलेली. आपल्या सळईवर ब्रॉयलर कोंबडी असते. बी. व्ही. राव यांनी १९७१मध्ये सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजसारख्या उद्योगांनी ही कोंबडी गावोगाव स्वस्त केली. तिच्यात ओघळायला चरबी थोडी. मांस कोरडं पडतं, तो ओलावा वरून घालावा लागतो. आमच्या विदर्भात कोंबडी रश्श्यात पडते, त्यात शहाणपण आहे: चार माणसांचं मांस आठांना पुरतं, आणि पूर्ण उकळतं.

उभ्या सळईला गर्दी हवी. गिऱ्हाईक सतत असेल तर थर उतरत राहतात आणि आतलं मांस वेळेत धगीसमोर येतं. तालुक्याच्या गावी विक्री संध्याकाळच्या दोन-तीन तासांची. गिऱ्हाईक नसलं की आच मंद होते, आतलं मांस कोमट राहतं, आणि ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू भराभर वाढतात. उरलेला गोळा दुसऱ्या दिवशी पुन्हा सळईवर चढला, तर विचारायलाच नको. मे २०२२मध्ये कासरगोड जिल्ह्यातल्या चेरुवत्तूरला शोरमा खाऊन एक शाळकरी मुलगी दगावली. मे २०२४मध्ये मुंबईत ट्रॉम्बेला एकोणीस वर्षांचा मुलगा. केरळने जानेवारी २०२३मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली.

मेयोनीजवर बंदी घालणं सोपं. सळईवर गावाच्या गिऱ्हाइकापुरतंच मांस चढवायचं, उतरवलेले तुकडे पोळीत भरण्याआधी तव्यावर पुन्हा परतायचे आणि उरलेलं रात्रीच टाकून द्यायचं, हे गाडीवाल्याला नुकसानीत घालणारं आहे. त्याची भरपाई कशी व्हावी, याचा विचार कोणत्याच नियमात नाही.