'ऑनलाइन' यादीची कुळकथा

या क्षणी कोण हजर आहे हे दाखवणारी यादी इंटरनेटपेक्षा जुनी आहे. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये दाखवण्यात आली. यंत्र सामाईक असल्याने गर्दी वाढली की प्रत्येकाचे काम मंदावे, म्हणून कोण कोण बसले आहे हे कळणे उपयोगाचे होते. युनिक्स या कार्यप्रणालीच्या १९७१च्या पहिल्या मार्गदर्शिकेत 'हू' ही आज्ञा आहे. ती दिली की वापरकर्त्यांची नावे, त्यांची टर्मिनले आणि ते कधीपासून आत आहेत, एवढे कळे.

स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत अशी यादी आद्याक्षरांत येत असे. लोक तिच्यावरून बोट फिरवत माणसे ओळखू पाहत आणि अनोळखी आद्याक्षरांशी अडत. ते पाहून लेस अर्नेस्ट यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'फिंगर' हा प्रोग्राम लिहिला. त्यात पूर्ण नाव दिसे आणि किती वेळ कळ दाबलेली नाही हेही कळे. आपण जागेवर का नाही किंवा अवेळी कुठे भेटू, हे लिहून ठेवता यावे अशी मागणी झाली, तेव्हा त्याला 'प्लॅन' फाइलची जोड मिळाली. पाहणाऱ्याच्या सोयीबरोबर दिसणाऱ्याची बाजूही अशी सुरुवातीलाच पुढे आली.

१९७७ साली 'फिंगर'चे नियम प्रसिद्ध झाले आणि दूरच्या संगणकावर कोण आहे हे जाळ्यावरून विचारता येऊ लागले. नोव्हेंबर १९८८मध्ये मॉरिस वर्म या जाळ्यावरून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने इतर वाटांबरोबर याच सेवेतील त्रुटीतून शिरकाव केला. परक्यांना हजेरी सांगण्यातील धोका पुढे अनेक संस्थांना पटला आणि त्यांनी ही सेवा बंद केली.

१९९६मध्ये इस्रायलमधून आयसीक्यू हे तत्काळ संवादाचे सॉफ्टवेअर आले आणि हजेरीची खूण घरोघरच्या संगणकांवर पोहोचली. त्यातील फुलाचे चिन्ह हिरवे असले तर मित्र हजर, लाल असले तर गैरहजर असे. येथे ती खूण चपखल बसली, कारण तत्काळ संवादात समोरचा आहे की नाही यावरच बोलणे सुरू करायचे की नाही हे ठरते.

फोरमचे, म्हणजे वेबवरील चर्चासमूहाचे, तसे नाही. तेथे सकाळच्या प्रश्नाला रात्री प्रतिसाद आला तरी चालते. शिवाय वेबवर पान उघडून झाले की सर्व्हरचा वाचकाशी संबंध बहुधा तुटतो. शेवटची हालचाल कधी झाली, एवढेच त्याला माहीत असते. म्हणून पीएचपीबीबीसारखी फोरम-प्रणाली सहसा गेल्या पाच मिनिटांत पान उघडणाऱ्याला हजर धरते. लांबलचक लेख दहा मिनिटे वाचत बसलेला सभासद यादीतून गळतो आणि नुकताच निघून गेलेला मात्र काही मिनिटे तेथेच दिसत राहतो.

तरीही या यादीचे फायदे खरे आहेत. नव्या सभासदाला जागा नांदती वाटते, जाणकार हजर दिसला तर प्रश्न विचारायला धीर येतो आणि वाद पेटला असता संपादक जवळ आहेत हे कळते. लहान समूहात मात्र यादी बहुतेक वेळ रिकामी राहते आणि ओसाडपणाच ठळक होतो. हजर असून उत्तर दिले नाही, हा रुसवा वाढतो. कोणाच्या येण्याजाण्यावर पाळत ठेवणेही सोपे होते.

यावरचा उपाय सॉफ्टवेअरमध्येच आला. पीएचपीबीबीने हजेरी लपवण्याची मुभा दिली. आपण ऑनलाइन असल्याचे कोणाला दिसावे हे ठरवण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०२२मध्ये जाहीर केली. चर्चासमूहासाठीही तोच निकष योग्य आहे. सभासद पुरेसे असतील आणि दिसायचे की नाही हे ज्याचे त्याच्या हाती असेल, तर ही यादी समूह बांधते. समूह लहान असेल, तर अलीकडचे धागे आणि शेवटच्या प्रतिसादाची वेळ दाखवणे अधिक हिताचे. त्यातून समूह जिवंत आहे हे कळते आणि कोणावर पाळतही राहत नाही.