लिनक्सचे जुने कर्नेल : ठेवावे की काढावे?

लिनक्स प्रणाली अद्ययावत केली की बहुतेक वितरणांत नवे कर्नेल जुन्याच्या जागी बसत नाही, तर त्याच्या शेजारी बसते. काही महिन्यांत अशा अनेक आवृत्त्या साचतात आणि त्या काढाव्यात का, असा प्रश्न पडतो. चालू कर्नेल आणि त्याच्या आधीचे, नीट चाललेले एक कर्नेल ठेवावे. उरलेली काढावीत, हे त्याचे थोडक्यात उत्तर.

जुने कशासाठी?

कर्नेल हा संगणकाची यंत्रसामग्री आणि त्यावरील प्रोग्राम यांमधला दुवा होय. नव्या आवृत्तीशी वाय-फाय किंवा ग्राफिक्स कार्डाचे जुळले नाही, तर संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. अशा वेळी सुरुवातीच्या 'ग्रब' यादीतून जुने कर्नेल निवडून काम पुढे चालू ठेवता येते. उबुंटूमध्ये ही यादी दिसत नसल्यास संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबावी लागते.

ही भीती काल्पनिक नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ या कर्नेलमधील दोषामुळे 'ईएक्सटी४' फाइलप्रणालीवरील माहिती बिघडण्याचा धोका उघड झाला. डेबियनने १२.३ ही आवृत्ती रोखली आणि १० डिसेंबरला दुरुस्त कर्नेलसह थेट १२.४ प्रसिद्ध केली. मधल्या काळात जुने कर्नेल शिल्लक असलेल्यांना त्याकडे परतण्याचा मार्ग मोकळा होता.

सर्वच का ठेवू नयेत?

पहिले कारण जागेचे. 'बूट' विभाग स्वतंत्र असल्यास, विशेषतः कूटबद्ध डिस्कवर, तो लवकर भरतो. मग पुढचे अद्यतन अर्धवट राहते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडतात. दुसरे कारण सुरक्षेचे. २०१६ मध्ये दुरुस्त झालेला 'डर्टी काऊ' हा दोष २००७ पासूनच्या कर्नेलमध्ये होता. डिस्कवर नुसते पडून असलेले कर्नेल धोकादायक नसते. मात्र रोजच्या कामासाठी तेच वापरणे धोक्याचे असते. नवे कर्नेल बसवूनही संगणक पुन्हा सुरू केला नाही, तर जुनेच चालू राहते, हेही ध्यानात घ्यावे.

काढण्याची रीत

फेडोरा मूळ रचनेनुसार तीन कर्नेल ठेवते व त्याहून जुने आपोआप काढते. उबुंटूत 'अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा अनावश्यक आवृत्त्या हटवते. आर्च लिनक्समध्ये मात्र नवे कर्नेल जुन्याची जागा घेते. तेथे सोबत 'लिनक्स-एलटीएस' हे दीर्घकालीन कर्नेल बसवून ठेवणे हिताचे.

प्रथम संगणक पुन्हा सुरू करावा, 'युनेम -आर' या आज्ञेने चालू आवृत्ती तपासावी आणि काही दिवस काम सुरळीत चालल्यावरच सफाई करावी. 'बूट'मधील फाइली हाताने पुसू नयेत. पॅकेज व्यवस्थापकाकडून काढल्यास संबंधित मोड्यूल व ग्रबमधील नोंदीही सोबत जातात.