पोलीस आणि द्वेषमूलक संघटनांचे सदस्यत्व

पोलिसाच्या नोकरीत असताना एखाद्या धर्माविरुद्ध वा जातीविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्या संघटनेत राहता येते का, हा सेवाशिस्तीचा प्रश्न. ‘द्वेषमूलक संघटना’ अशी व्याख्या भारतीय कायद्यात नाही. तरी उत्तर बहुतांशी ‘नाही’ असेच निघते, तेही आडवाटेने.

संविधानाचा अनुच्छेद १९ संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद ३३ नुसार संसदेला ते पोलिसांपुरते आवळता येते. त्या आधारावर १९६६ चा पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) अधिनियम झाला. परवानगीशिवाय कामगार संघटनेत वा राजकीय संघटनेत जाता येत नाहीच, शिवाय निव्वळ सामाजिक, मनोरंजनपर किंवा धार्मिक नसलेल्या संस्थेशी संबंधही ठेवता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संस्था या सवलतीत बसते की नाही, यावर केंद्र सरकारचा निर्णय अंतिम.

घोडे अडते ते या सवलतीपाशी. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीत बंदोबस्ताला उभा राहणारा शिपाई आपल्या गावच्या तालमीचा, गणेश मंडळाचा किंवा दिंडीचाही माणूस असू शकतो. त्यात वावगे काही नाही. मात्र तेच मंडळ उद्या मिरवणूक मशिदीसमोर थांबवून डिवचणाऱ्या घोषणा देऊ लागले, तर शिपायाने वर्गणीची पावती फाडणे कधी थांबवायचे? कागदोपत्री मंडळ धार्मिकच राहते.

महाराष्ट्रात संघटनबंदीचा बडगा ठळकपणे दिसला तो मात्र पोलिसांच्याच संघटनेवर. ऑगस्ट १९८२ मध्ये तिची मान्यता काढली गेली, मुंबईत पोलिसांचा उद्रेक झाला आणि लष्कर बोलवावे लागले. पगार-घरांसाठी एकत्र येणाऱ्यांवर सरकार जितक्या तत्परतेने धावले, तितकी तत्परता पूर्वग्रहाच्या बाबतीत दिसली नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात पोलिसांमधील मुस्लिमविरोधी पूर्वग्रहावर बोट ठेवले आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. हा ठपका वर्तनावर होता, कुणाच्या सभासदत्वावर नव्हे.

सरकारी यादीही राज्यकर्त्यांप्रमाणे बदलते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाते इस्लामी यांच्या कार्यात भाग घेण्यास केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९६६ पासून मनाई होती. जुलै २०२४ मध्ये ती संघापुरती उठली. ब्रिटनने दुसरी वाट धरली. तेथे २००४ मध्ये अतिउजव्या ब्रिटिश नॅशनल पार्टीचे नाव घेऊनच पोलिसांना तिचे सदस्यत्व वर्ज्य केले गेले. २००८ मध्ये पक्षाची सभासदयादी फुटली आणि तीत नाव आढळलेल्या मर्सीसाइडच्या एका शिपायाची नोकरी गेली.

आता असे संबंध यादीपेक्षा मोबाइलवर जुळतात. कोल्हापूर शहरात जून २०२३ मध्ये हिंसाचार उसळला तो समाजमाध्यमांवरील स्टेटसवरून. एखाद्या ग्रुपमध्ये गप्प बसून राहणे कायद्यातील ‘संबंध’ ठरते का, याचा उलगडा १९६६ च्या मजकुरातून होत नाही.