उंबराचे फूल आणि एक साक्षीपत्र

सचिनहून सुरतेस आगगाडीने जाताना मध्ये भेस्तान आणि उधना ही दोनच स्थानके लागतात. इतक्या जवळ राहूनही सुरतेची जुनी डच दफनभूमी पाहण्याचा योग आम्हांस फार उशिरा आला. तेथील सर्वांत भव्य घुमटाखाली हेंड्रिक वान रेडे हा डच अधिकारी चिरनिद्रा घेत आहे. १६९१ साली कोचीनहून सुरतेस येताना मुंबईनजीक जहाजावरच त्याचा अंत झाला. कोंकणी-मराठी वाचकाने या परक्याची आठवण का ठेवावी, एवढे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

मलबारचा डच अधिपती असताना वान रेडेने तेथील वनस्पतींची पाहणी करविली. तीतून सिद्ध झालेला 'हॉर्टस मलबारिकस' हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे बारा खंडांत निघाला. त्यात सातशेंहून अधिक वनस्पतींची वर्णने आहेत. चित्रांवर लॅटिन लिपीबरोबरच मलयाळी, अरबी आणि नागरी लिपींतही नावे कोरलेली असून नागरीतील नावे कोंकणी आहेत.

आपण एखाद्या दुर्मीळ पाहुण्यास 'उंबराचे फूल' म्हणतो. ही केवळ अलंकारिक भाषा नव्हे, ते निरीक्षण आहे. उंबराचे, वडाचे किंवा पिंपळाचे फूल बाहेर दिसतच नाही. ते फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत दडलेले असते. तिन्हींची पाने निराळी, पण खुडताच पांढरा चीक येतो. आम्ही मराठीत तिघांस तीन सुटी नावे दिली. मलयाळी माणसाने मात्र पिंपळास अरयाल, वडास पेराल आणि उंबरास अत्तियाल म्हटले. म्हणजे 'आल' हे जणू त्यांचे गोत्रच. ग्रंथाच्या पहिल्या खंडात ही झाडे एकापाठोपाठ येतात. १७५३ साली लिनीअसने त्यांस 'फायकस' या एकाच प्रजातीत बसविले आणि पिंपळ व उंबर यांसाठी याच ग्रंथातील चित्रांचा आधार दिला. तो स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नाही.

येथे वकिलाने सावध राहिले पाहिजे. अंजिरामुळे फायकस युरोपास पूर्वीच ठाऊक होता. तेव्हा 'आल'वरूनच लिनीअसला प्रजाती सुचली, हा दावा टिकणार नाही. हळद, आंबेहळद, रानहळद ही आपल्या परसातील नावे त्याच्या दोन पदी नावांसारखीच आहेत, म्हणून ती पद्धत त्याने आपल्याकडून उचलली असेही म्हणता येणार नाही. सिद्ध होते ते इतकेच, की त्याच्यापुढील पुरावा ज्यांनी निवडला व ओळखला, ते येथील लोक होते.

आणि त्यांची साक्ष छापील आहे! पहिल्या खंडाच्या आरंभी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीनच्या तीन वैद्यांचे १६७५ सालचे कोंकणी साक्षीपत्र नागरी लिपीत आहे. वनस्पतींची नावे व गुणधर्म आपण सांगितल्याचे ते त्यात नमूद करतात आणि 'महानिघंटु' या ग्रंथाचा आधार देतात. नागरी अक्षरे युरोपात छापली गेल्याचा हा फार जुना दाखला. सोबत इट्टी अच्युदन या ईळव वैद्याचे मलयाळी पत्रही आहे. तीन कोंकणी वैद्यांचा आम्हांस अभिमान वाटतो खरा; पण झाडांची घरगुती, पिढीजात ओळख अच्युदनाकडे अधिक असावी, असा आमचा कौल आहे. रानात हिंडून, झाडांवर चढून फांद्या आणि फळे उतरवून आणणाऱ्यांचे साक्षीपत्र मात्र त्या खंडात नाही.