राजवाड्यातील सव्वीस वर्षे

फिलाडेल्फिया शहरात विटा रचण्याच्या कामापासून आरंभ करून पुढे बांधकामाचा मोठा ठेकेदार झालेल्या जॉन केली या आयरिश वंशाच्या गृहस्थाने १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांत नौकानयनाची दोन सुवर्णपदके मिळविली. परंतु त्याच वर्षी इंग्लंडातील हेन्लीच्या प्रतिष्ठित शर्यतीसाठी त्याने केलेला अर्ज तेथील पंचांनी नामंजूर केला होता. ज्याने हातांनी मजुरी केली त्याला हौशी खेळाडू मानावयाचे नाही असा तेथील नियम होता. केलीच्या क्लबावर हेन्लीकरांचा जुना रोष होता आणि नकाराचे खरे कारण तेच असे म्हणणारेही आहेत. पण केली घराण्याने हा अपमान गवंड्याच्या हातांचा अपमान म्हणूनच मनात जपला आणि १९४७ साली मुलाने तीच शर्यत जिंकून बापाचे उट्टे काढले. श्रमाचा अभिमान आणि प्रतिष्ठितांच्या दारातून परत फिरल्याचा सल अशा दोन्ही गोष्टी ज्या घरात एकत्र नांदत होत्या, त्या घरात १२ नोव्हेंबर १९२९ रोजी ग्रेस जन्मली. मोनाकोच्या राजघराण्यात सून म्हणून गेलेली चित्रपटतारका एवढीच तिची ओळख सामान्यतः सांगितली जाते, आणि ती सांगताना तिचे आयुष्य परीकथेच्या मखरात बसविले जाते. मला ते आयुष्य कामकरी माणसाचे वाटते, आणि ते तसेच वाचावे अशी माझी इच्छा आहे.

बाप व भाऊ खेळाडू, आई विद्यापीठात स्त्रियांना मैदानी खेळ शिकविणारी. अशा कुटुंबात ही नाजूक, लाजाळू मुलगी काहीशी उपरीच होती. तिला आधार वाटे तो चुलत्याचा. जॉर्ज केली हा नाटककार होता आणि १९२६ साली त्याला नाटकासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. न्यूयॉर्कच्या नाट्यशिक्षणसंस्थेत प्रवेश घेतल्यावर ग्रेसने प्रथम आपला अनुनासिक, फिलाडेल्फियाचा वास येणारा आवाज घासूनपुसून घडविला आणि छायाचित्रकारांपुढे जाहिरातींसाठी उभे राहून स्वतःचा खर्च भागविला. १९४९ साली स्ट्रिंडबर्गच्या नाटकातून तिने ब्रॉडवेच्या रंगभूमीवर पाऊल ठेवले. त्यानंतर १९५१ ते १९५६ या अल्प अवधीत पडद्यावर आलेले तिचे चित्रपट अवघे अकरा.

त्या अकरांपैकी तीन आल्फ्रेड हिचकॉकचे आहेत. ‘रिअर विंडो’ या चित्रपटात पाय मोडून खुर्चीला खिळलेला नायक झोपेत असताना प्रथम त्याच्या चेहऱ्यावर एक सावली सरकते, मग अगदी जवळून तिचा चेहरा पडदा व्यापतो, आणि थोड्या वेळाने खोलीतला एकेक दिवा लावीत ती आपल्या नावाचा एकेक भाग उच्चारते. एवढ्याशा हालचालीत त्या स्त्रीचा आत्मविश्वास, तिची ऐट आणि त्या पुरुषाविषयीची तिची धडपड अशी तिन्ही अंगे प्रकट होतात. केवळ सौंदर्याच्या बळावर हे साधत नाही. ‘द कंट्री गर्ल’मध्ये तर तिने ते सौंदर्य बाजूस ठेवून, चष्मा लावून आणि ढगळ स्वेटर घालून, दारूच्या आहारी गेलेल्या गायकाची थकलेली पत्नी उभी केली आणि १९५५ च्या मार्चमध्ये तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. ज्या एम.जी.एम. कंपनीशी ती कराराने बांधलेली होती तिने देऊ केलेल्या भूमिका नाकारल्यामुळे त्याच वर्षाच्या आरंभी तिला कामावरून काही काळ दूर ठेवण्यात आले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. ही मुलगी कोणाच्या तालावर नाचणारी नव्हती.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती कान येथील चित्रपट-महोत्सवास गेली असता ‘पारी माच’ या फ्रेंच साप्ताहिकाने मोनाकोच्या राजवाड्यात, संस्थानाधिपती तिसरा रेनिये याच्याबरोबर तिची छायाचित्रे घेण्याचा घाट घातला. ६ मे रोजी संपामुळे वीज बंद होती. कपड्यांना इस्त्री करता येईना, केस वाळविता येईनात. तेव्हा ज्याची सुरकुती दिसणार नाही असा एकच मोठ्या फुलांचा पोशाख चढवून आणि ओले केस तसेच मागे बांधून ती निघाली. यजमानाला यावयास उशीर झाला, आणि आल्यावर त्याने तिला आपला खाजगी प्राणिसंग्रह दाखविला. त्या भेटीनंतर दोघांत पत्रव्यवहार सुरू झाला, डिसेंबरात तो अमेरिकेस गेला आणि ५ जानेवारी १९५६ रोजी वाङ्‌निश्चय जाहीर झाला.

येथवरची हकीकत प्रेमकथेची आहे आणि ती खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामागे जो राजकीय दस्तऐवज उभा होता त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. त्या काळी दोन चौरस किलोमीटरही न भरणारे हे संस्थान १२९७ पासून ग्रिमाल्दी घराण्याशी निगडित असले, तरी त्याच्या मुलखाचा मोठा भाग, म्हणजे मांतों व रोकब्रून ही गावे, १८६१ साली चाळीस लक्ष फ्रँकांच्या मोबदल्यात फ्रान्सकडे गेला होता. उरलेल्या खडकाचा खजिना जुगारगृहाच्या उत्पन्नाने इतका भरला की १८६९ साली तेथील प्रजेवरचे प्रत्यक्ष कर उठविण्यात आले. १९१८ च्या जुलैमध्ये झालेल्या तहनाम्यात मात्र असे कलम होते की औरस वा दत्तक वारसाच्या अभावी गादी रिकामी पडल्यास मोनाको फ्रान्सच्या संरक्षणाखाली जावे. साताऱ्याची, नागपूरची आणि झाशीची कहाणी ज्यांच्या इतिहासात कोरलेली आहे त्या मराठी वाचकाला या कलमाचा अर्थ फोड करून सांगावयास नको. दत्तकविधानाच्या प्रश्नावर राज्ये खालसा झालेली आपण पाहिली. तेथे गादी वाचली ती दत्तकविधानानेच. रेनियेची आई शार्लोत ही दुसऱ्या लुईची अनौरस कन्या. तिला १९१९ साली रीतसर दत्तक घेऊन वारसा देण्यात आला, आणि १९४४ मध्ये तिने आपला हक्क मुलाच्या नावे सोडला. म्हणून १९५५ साली बत्तीस वर्षांच्या या अविवाहित अधिपतीचे लग्न ही साऱ्या संस्थानाच्या चिंतेची बाब झाली होती. त्यातच जुगारगृह चालविणाऱ्या कंपनीवर ओनासिस या ग्रीक जहाजमालकाचा ताबा आलेला, आणि मोनाकोतील एका मोठ्या पेढीचे दिवाळे नुकतेच वाजलेले.

४ एप्रिल १९५६ रोजी ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजाने ग्रेसने न्यूयॉर्क सोडले. १८ तारखेला राजवाड्याच्या सिंहासनगृहात कायदेशीर विवाह आणि १९ तारखेला चर्चमध्ये धर्मविधी झाला. वधूवेश शिवला तो कोणा राजशिंप्याने नव्हे, तर हेलन रोज या एम.जी.एम.च्या वेशभूषाकार बाईंच्या हाताखालच्या कारागिरांनी. तो कंपनीने आहेर म्हणून दिला होता, आणि समारंभाचे चित्रीकरण करण्याचा हक्कही कंपनीनेच मिळविला होता. जुन्या मालकाने नोकराला निरोप देताना त्याच्याकडून शेवटचे काम करवून घ्यावे, तसा हा प्रकार होता. पुढच्या जानेवारीत कॅरोलिन आणि १९५८ च्या मार्चमध्ये आल्बेर जन्मला, तेव्हा तहनाम्यातील कलमाची धास्ती मिटली.

परंतु तिची सर्वांत कठीण परीक्षा १९६२ साली झाली. हिचकॉकने ‘मार्नी’ या चित्रपटातील भूमिका तिला देऊ केली, तिने ती स्वीकारली आणि मार्चमध्ये राजवाड्यातून तसे जाहीरही झाले. नायिका चोरी करणारी आणि पुरुषस्पर्शाला भिणारी. आपल्या राणीने पडद्यावर अशी स्त्री रंगवावी हे मोनाकोच्या प्रजेला रुचले नाही. याच सुमारास फ्रान्सचा अध्यक्ष द गॉल आणि रेनिये यांच्यात मोनाकोत राहून कर चुकविणाऱ्या फ्रेंच नागरिकांवरून वितुष्ट विकोपास गेले होते. ऑक्टोबरात एका मध्यरात्री फ्रान्सने संस्थानाच्या सीमेवर जकातनाके बसविले, आणि पुढील वर्षीच्या करारात रेनियेला नमते घ्यावे लागले. अशा प्रसंगी तिला हॉलिवुडात पाठविणे शक्य नव्हते. तिने भूमिका सोडली व ती टिपी हेड्रन या नटीकडे गेली. बत्तिसाव्या वर्षी, कलेच्या ऐन भरात, ज्या दिग्दर्शकाने तिला खऱ्या अर्थाने ओळखले त्यालाच नकार लिहिताना तिला काय वाटले असेल याचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होते. हा त्याग स्वेच्छेचा होता असे म्हणणारे चरित्रकार आहेत. मला तो कर्तव्य म्हणून पत्करलेला पण कायमचा सलणारा वाटतो, कारण पुढे तिने जे जे केले त्यात रंगभूमीकडे परतण्याची वाट ती शोधीतच राहिली.

रेडक्रॉसचे अध्यक्षपद, मुलांच्या कल्याणासाठी १९६३ साली काढलेली संस्था, स्थानिक कारागिरांच्या व कलावंतांच्या साह्यार्थ १९६४ साली स्थापिलेला निधी, ही कामे तिने बापाच्या घरातील शिस्तीने चालविली. कृष्णवर्णीय नर्तकी जोसेफिन बेकर हिला १९५१ साली न्यूयॉर्कच्या एका क्लबात अपमानकारक वागणूक मिळाली, तेव्हा ग्रेस तिच्यासह तेथून उठून बाहेर पडली होती. पुढे बेकर कर्जात बुडून घरास मुकली, तेव्हा तिला व तिच्या पोरक्या परिवाराला निवारा मिळवून देण्यात ग्रेसनेच हातभार लावला. १९७६ साली एडिंबरोच्या महोत्सवात ती काव्यवाचनासाठी उभी राहिली आणि त्यानंतर अनेक शहरांत तिने असे कार्यक्रम केले. त्याच वर्षी तिने आयर्लंडच्या मेयो परगण्यातले आपल्या पूर्वजांचे पडके खोपटे व त्याभोवतीची जमीन विकत घेतली.

१३ सप्टेंबर १९८२ रोजी डोंगरावरील रोक आजेल येथील घराकडून मोनाकोकडे उतरत असताना तिच्या मेंदूत रक्तस्राव होऊन मोटार वळणावरून खाली कोसळली. शेजारी बसलेली धाकटी मुलगी स्तेफनी बचावली, ग्रेस दुसऱ्या दिवशी रात्री गेली. रेनियेने पुन्हा लग्न केले नाही. २००५ साली तो वारला तेव्हा त्याला तिच्याशेजारीच पुरण्यात आले. त्याच्या हयातीतच, २००२ साली, संस्थानाच्या घटनेत दुरुस्ती होऊन बहीणभावंडांकडे व त्यांच्या संततीकडे गादी जाण्याची तरतूद झाली, आणि फ्रान्सशी झालेल्या नव्या तहनाम्यातून वारसाअभावी स्वातंत्र्य जाण्याचे ते जुने कलम निघाले. वाटाघाटींनी हे काम उरकले, त्या वेळी आल्बेर चव्वेचाळीस वर्षांचा व अविवाहित होता.